सख्खी भावंडं आणि आडनावबंधू

पत्राचा सारांश: एका तालुक्याच्या गावातून एका आईंनी लिहिलं आहे. त्यांचं शिक्षण बारावीपर्यंत, मराठी माध्यमातून. मुलगी नववीत, सेमी इंग्रजीत. चाचणीत ‘फाइंड द मीन’ असा प्रश्न आला, तेव्हा तिने सरासरी न काढता दिलेल्या आकड्यांचा ‘अर्थ’ लिहिला. विज्ञानाच्या पेपरात ‘चार्ज’ म्हणजे शुल्क असं धरून उत्तर चुकवलं. शिकवणीच्या सरांनी अनेक अर्थांच्या ३०० इंग्रजी शब्दांची यादी दिली आहे. रोज १५ शब्द, सगळ्या अर्थांसकट पाठ करायचे. मुलगी पाठ करते, पण पुढच्या आठवड्यात मागचं पुसलेलं असतं. आई विचारतात: ‘इंग्रजीला नियमच नाही. एका शब्दाचे पाच-पाच अर्थ, मग पाठांतराशिवाय दुसरा उपाय आहे का? की तिला मराठी माध्यमात परत घालू? मला स्वतःला इंग्रजी येत नाही, मी तिला काय मदत करणार?’

ताई,

आज सकाळपासून तुम्ही ‘काढणे’ हे क्रियापद किती वेळा वापरलंत? दारात रांगोळी काढली असेल, माठातून पाणी काढलं असेल, बँकेतून पैसे काढले असतील, रुसलेल्या मुलीची समजूत काढली असेल, बोलताना माहेरची आठवण काढली असेल. इतके वेगवेगळे अर्थ, पण त्यांची यादी तुम्हाला कुणी पाठ करायला दिली नव्हती. मूळ प्राकृत शब्द ‘कड्ढ’, म्हणजे ओढणे, खेचणे. आतलं बाहेर ओढायचं, हे एक चित्र मनात पक्कं बसलेलं आहे आणि बाकीचे अर्थ त्याच्या मागे आपोआप येतात.

आता इंग्रजीतला ‘ड्रॉ’ घ्या. त्याचाही मूळ अर्थ ओढणे. विहिरीतून पाणी ड्रॉ करतात, कागदावर पेन्सिल ओढत चित्र ड्रॉ करतात, खात्यातून पैसे ड्रॉ करतात, चर्चेतून निष्कर्ष ड्रॉ करतात, सोडतीची चिठ्ठीही ड्रॉ करतात. टेबलाचा ओढून उघडायचा खण तो ड्रॉवर. खण सोडला तर या प्रत्येक ठिकाणी मराठीत ‘काढणे’ बिनदिक्कत चालतं. एका भाषेने दुसरीचं पाहून हे केलेलं नाही. ओढण्यापासून निघालेला शब्द दोन्हीकडे त्याच वाटांनी चालत गेला.

म्हणून ‘इंग्रजीला नियमच नाही’ हे तुमचं पहिलं गृहीतक जरा बाजूला ठेवू या. जो नियम तुम्ही दिवसभर पाळता, तोच तिथेही आहे. तो कोणता, हे मुलीला दाखवायला तुमचं मराठीच उपयोगी पडणार आहे.

एका शब्दाचे अनेक अर्थ दिसतात तेव्हा प्रकार दोन असतात. पहिल्यात शब्द एकच असतो आणि त्याचे अर्थ फांद्यांसारखे फुटलेले असतात. ही सख्खी भावंडं. ‘काढणे’ आणि ‘ड्रॉ’ या घरातले. दुसऱ्यात मुळात दोन वेगळे शब्द असतात, पण झिजून झिजून एकसारखे दिसू लागलेले. हे आडनावबंधू: दारावरची पाटी सारखी, नातं काहीच नाही.

आडनावबंधू मराठीतही भरपूर आहेत. दिव्याची वात ‘वर्ति’पासून आली. सांधे धरणारा वात म्हणजे संस्कृतातला वारा. गळ्यावरची मान ‘मन्या’पासून, आणि लग्नात मामाला देतात तो मान वेगळा. हातातलं काम ‘कर्म’ झिजून झालं, आणि काम-क्रोधातला काम मुळातलाच. कर्म, मग कम्म, मग काम असा उच्चार सोपा होत गेला आणि दोन शब्द एकमेकांवर येऊन बसले. तरी आपला गोंधळ होत नाही, कारण ती वात आणि तो वात, ती मान आणि तो मान, ते काम आणि तो काम असं लिंग आपल्याला आधीच सांगून ठेवतं. आजच्या इंग्रजीत नामांना असं लिंग नाही, त्यामुळे तिथे ही खूण शेजारच्या शब्दांत शोधावी लागते. त्याकडे शेवटी येऊ.

इंग्रजीत आडनावबंधू इतके का साठले, याला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीच्या जोडीला आधी उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचे शब्द आले, आणि १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर दरबारातून फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. कुत्र्याचा ‘बार्क’ जुन्या इंग्रजीतला, झाडाच्या सालीचा ‘बार्क’ नॉर्समधला. सामन्याचा ‘मॅच’, जोडी जमण्याचा ‘मॅच’, हा जोडीदार या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा वंशज. काडीपेटीचा ‘मॅच’, ज्यावरून आपली माचिस आली, तो जुन्या फ्रेंचमधला, आणि तिथे त्याचा अर्थ होता दिव्याची वात. ‘साउंड’ तर दोनावर थांबत नाही. आवाज हा साउंड लॅटिन ‘सोनस’चा, जो संस्कृत ‘स्वन’चा भाऊबंद. ‘साउंड स्लीप’मधला साउंड म्हणजे धडधाकट, निरोगी, हा अस्सल जुना इंग्रजी. पाण्याची खोली मोजण्याचा साउंड फ्रेंचमधून आलेला. म्हणजे गाढ झोपेचा आवाजाशी काही संबंध नाही. हे सांगितल्यावर मुलीच्या डोक्यातला अर्धा गुंता तिथेच सुटतो.

‘मीन’ हाही असाच तिहेरी आडनावबंधू. ‘अर्थ असणे’ हे क्रियापद एक. हलक्या मनाचा, कंजूष हे विशेषण दुसरं, ते ‘सामाईक, साधारण’ या जुन्या अर्थावरून घसरत खाली आलेलं. आणि गणितातला मीन तिसरा, तो फ्रेंचमार्गे लॅटिन ‘मेदियानुस’पासून आला. त्यामागचा ‘मेदियुस’ आणि संस्कृत ‘मध्य’ एकाच कुळातले. मुलीच्या गणिताच्या पुस्तकात मीनच्या शेजारी मीडियन असतो, तोही त्याच घरचा. तेव्हा तिला एवढंच सांगा की गणितातला मीन म्हणजे ‘मध्य’वाला मीन. चुकलेला प्रश्न तिच्या आळसामुळे चुकला नव्हता. तीन अनोळखी माणसं एकाच नावाने हाक मारल्यावर समोर आली आणि तिने ओळखीच्या एकाला धरलं.

आता पाठांतराचा हिशेब करू. ३०० शब्द, रोज १५, म्हणजे २० दिवस. प्रत्येक शब्दाचे सरासरी चार अर्थ धरले तर १२०० जोड्या, रोज ६०. त्यातही वहीत ‘चार्ज: भार, शुल्क, आरोप, हल्ला’ असं स्वल्पविराम देऊन लिहिलेलं असणार. त्या मण्यांत दोरा नाही. परीक्षेत मूल घाईत असतं, जो मणी आधी हाताला लागतो तो उचलतं. विज्ञानाच्या पेपरात नेमकं हेच झालं.

याच शब्दाचं पान नीट कसं करायचं ते जवळून बघू या. वहीचं एक कोरं पान घ्या. वर मधोमध ‘चार्ज’ हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने लिहा. खाली मुलीला मालाने भरलेली बैलगाडी काढायला सांगा. कारण लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा, त्यावरून ‘गाडीत माल लादणे’ असं क्रियापद झालं, आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं. कार आणि कार्गो हे त्याच घरातले. आता गाडीतून एकेक फांदी ओढा. बंदुकीत दारू भरणे, बॅटरी भरणे: लादण्याऐवजी भरणे. अठराव्या शतकात प्रयोग करणारे काचेच्या बरणीत वीज साठवू लागले, तेव्हा विजेलाही हाच भरण्याचा शब्द लागला. मराठी पुस्तकात त्याला ‘प्रभार’ म्हणतात, आणि त्यात ‘भार’ स्पष्ट दिसतो. दुसरी फांदी जबाबदारीची. साहेब चार्ज घेतात, म्हणजे कार्यभार स्वीकारतात, आणि शाळेत प्रभारी मुख्याध्यापक असतात ते याच अर्थाने. तिसरी फांदी पैशाच्या ओझ्याची: शुल्क, आकार. कर्ज काढलं की सातबाऱ्यावर ‘बोजा’ चढतो ना, त्यालाही इंग्रजी कायद्यात चार्जच म्हणतात. चौथी फांदी आरोपाची, जिच्यावरून चार्जशीट. आणि ‘आरोप’ या शब्दाचाही मूळ अर्थ वर चढवणे, लादणे असाच आहे. लाठीचार्जमधला हल्लाही या घरातलाच, पण त्याची फांदी नंतर जोडली तरी चालेल.

एवढं झाल्यावर प्रत्येक फांदीवर मुलीच्या स्वतःच्या पुस्तकातलं किंवा रोजच्या व्यवहारातलं एक वाक्य लिहायचं. वाक्याशिवाय फांदी पूर्ण धरायची नाही. या पानात तुम्ही काय केलंत बघा: भार, कार्यभार, प्रभारी, बोजा, आरोप. इंग्रजी तिने लिहिलं, दोरा तुम्ही ओवला.

आडनावबंधूंचं पान मात्र वेगळं करा. मधोमध उभी रेघ, डावीकडे एक मीन, उजवीकडे दुसरा, तिसरा असेल तर त्याला वेगळा चौकोन. यांच्यात चित्राने नातं जोडायचा प्रयत्न अजिबात करू नका. ओढूनताणून जोडलेलं नातं दोन्ही अर्थ बिघडवतं.

भावंडं की आडनावबंधू हे ओळखायचं कसं? आधी मुलीला अंदाज करू द्या: एका अर्थावरून दुसऱ्यावर एक-दोन पावलांत जाता येतं का? पण अंदाजावर थांबू नका, तो फसवतो. मक्याच्या कणसाला इंग्रजीत ‘इअर’ म्हणतात. कानासारखं दिसतं म्हणून, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात कणसाचा इअर ‘टोकदार’ या अर्थाच्या मुळातून आला, कानाशी त्याचं नातं नाही. उलट ‘प्यूपिल’ म्हणजे विद्यार्थी आणि प्यूपिल म्हणजे डोळ्यातलं बुबुळाच्या मधलं काळं छिद्र, हे दोन वेगळे शब्द वाटतात, पण आहेत एकाच घरचे. लॅटिनमध्ये ‘पूपिला’ म्हणजे लहान मुलगी, बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात पाहिलं की आपलंच इवलंसं प्रतिबिंब दिसतं, म्हणून ती डोळ्यातली बाहुली. मराठीतही आपण डोळ्याची बाहुलीच म्हणतो, आणि संस्कृतातल्या ‘कनीनिका’चा अर्थही लहान मुलगी. या पानावर चित्र कोणतं काढायचं, हे मुलीला सांगावं लागणार नाही.

दुसरी खूण भूतकाळाच्या रूपांची. ‘लाय’ म्हणजे आडवं होणे, त्याचा भूतकाळ ‘ले’. ‘लाय’ म्हणजे खोटं बोलणे, त्याचा ‘लाइड’. रूपं वेगळी दिसली की बहुतेक वेळा शब्दही वेगळे.

तिसरी आणि खरी कसोटी शब्दकोश. मोठ्या इंग्रजी कोशांत आडनावबंधूंना वेगवेगळ्या नोंदी देतात आणि शब्दाच्या डोक्यावर बारीक आकडा असतो. एकाच शब्दाचे अर्थ नोंदीच्या पोटात १, २, ३ असे येतात. व्युत्पत्ती बहुधा चौकटी कंसात किंवा नोंदीच्या शेवटी असते. इथे एक सावधगिरी हवी: शिकणाऱ्यांसाठीच्या सोप्या कोशांत बरेचदा हा भेद पाळत नाहीत. तिथे नदीकाठ आणि पैशांची बँक एकाच नोंदीत सापडतील, कारण ते कोश वापर शिकवायला केलेले असतात, कूळ सांगायला नव्हे. मुळासाठी मोठा कोश बघा, वापरासाठी सोपा.

बँकेचं नाव निघालंच आहे तर तेही सांगायला हवं, कारण तो शब्द दोन्ही प्रकारांच्या मधोमध उभा आहे. पैशांची बँक इटालियन ‘बांका’पासून, म्हणजे सराफाचा बाक. नदीचा काठ हा बँक नॉर्सकडून आलेला. दोघे वेगवेगळ्या वाटेने इंग्रजीत आले, म्हणून कोशात नोंदी दोन. पण फार मागे गेलं तर दोघांचा पूर्वज एकच जर्मानिक शब्द, म्हणजे इंग्रजी, जर्मन, नॉर्स या भाषांच्या सामाईक कुळातला, ज्यातून बेंचही निघाला. हे चुलत-चुलत भाऊ झाले. आपल्याकडे सराफ बाकावर न बसता गादीवर बसत, म्हणून व्यापाऱ्याची ‘गादी’ म्हणजे त्याची पेढी.

वहीचा वेग कमी ठेवा. आठवड्याला चारच शब्द, एका पानाला पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने एकदा उजळणी: मराठी बाजू हाताने झाका आणि चित्रावरून फांद्या सांगायला लावा. शब्द यादीतून न उचलता तिला चाचणीत, धड्यात खरोखर अडलेले घ्या. सरांची यादी फेकू नका आणि सरांशी वादही नको. यादीतल्या शब्दासमोर ‘घर’ किंवा ‘आडनाव’ अशी पेन्सिलीने खूण करत जा. तिचा तो उपयोग चांगला आहे.

सुरुवात विज्ञान-गणितातल्या शब्दांनी करा. ‘सेल’: लॅटिनमध्ये लहान खोली. तुरुंगाची कोठडी तीच, आणि १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप पाहिला, तेव्हा दिसलेल्या बारीक कप्प्यांना त्याने हेच नाव दिलं, ती आपली पेशी. ‘व्हॉल्यूम’: मुळात गुंडाळी, कारण तेव्हा ग्रंथ गुंडाळीचे असत. त्यावरून ग्रंथाचा खंड, खंडाच्या जाडीवरून आकारमान, आणि त्यावरून आवाजाचा मोठेपणा. ‘करंट’: धावणारा. पाण्याचा प्रवाह, विजेची धारा आणि चालू घडामोडी, तिन्ही. इथे ‘चालू’ हा शब्द तिला नीट उलगडून दाखवा. ‘बोर्ड’: लाकडी फळी. शाळेचा फळा तो, फळीच्या टेबलावर मिळणारं जेवण म्हणून लॉजिंग-बोर्डिंगमधलं बोर्डिंग, आणि त्या टेबलाभोवती बसणारं मंडळ म्हणून दहावीचं बोर्ड. ‘लाइट’ मात्र आडनावबंधूंच्या पानावर. हलका या अर्थाचा लाइट संस्कृत ‘लघु’चा भाऊबंद, म्हणजे आपल्या ‘हळू’चाही. उजेडाच्या लाइटचं कूळ वेगळं.

वहीत इंग्रजी शब्द देवनागरीत लिहू देऊ नका. आपल्या लिपीत ‘सेल’ लिहिलं की पेशी, विकणे, दुकानातला सवलतीचा सेल आणि जहाजाचं शीड सगळे एकच दिसतात. इंग्रजीत त्या चौघांची स्पेलिंगं वेगळी आहेत. जो गोंधळ इंग्रजीने केलेला नाही, तो आपण लिपीमुळे ओढवून घेतो.

मोबाइलवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्यांपासूनही तिला सांभाळा. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. न्यू म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज. ‘पॉश’ हा शब्द इंग्लंड-मुंबई बोटींच्या तिकिटांवरच्या आद्याक्षरांतून आला, ही कथाही अशीच, तसं एकही तिकीट कुणाला सापडलेलं नाही. जुन्या शब्दाचं मूळ आद्याक्षरांत सांगितलं असेल तर संशय घ्या. आद्याक्षरांचे शब्द करण्याची पद्धत रुळली ती विसाव्या शतकात.

आणि मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळला, असंही नाही. तेल हा शब्द तिळावरून आला आणि इंग्रजीतला ‘ऑइल’ ऑलिव्हवरून. पण खोबरेल तेलात कुणी तीळ शोधत नाही. मुळाचं चित्र आठवणीला धरायची खुंटी आहे, उत्तर लिहायचं ते आजच्या अर्थाने.

माध्यमाबद्दल. फक्त या शब्दांमुळे नववीत माध्यम बदलू नका. तिकडे गेल्यावर प्रभार, आकारमान, विद्युतधारा या संज्ञा तिला नव्याने शिकाव्या लागतील आणि वर्ष त्यातच जाईल. धडा समजतो पण शब्द अडतो, की धडाच समजत नाही, हे आधी पाहा. तिला एक पान वाचायला देऊन ‘काय सांगितलंय ते मराठीत सांग’ म्हणा. सांगता आलं तर अडचण शब्दांची आहे, आणि ती वहीने सुटेल. अजिबात सांगता आलं नाही तर वर्गशिक्षकांशी बोला, तो प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. दोन्ही परिस्थितींत एक गोष्ट करा: बालभारतीची विज्ञान-गणिताची पुस्तकं दोन्ही माध्यमांत असतात आणि संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. तोच धडा मराठीत तुम्ही वाचा, इंग्रजीत तिने वाचावा, आणि अडलेल्या ओळीला दोघींनी बोट ठेवावं.

आता शेजारच्या शब्दांचं राहिलं. पहिलं पान ‘मीन’चं करा आणि चाचणीतला तोच प्रश्न पुन्हा समोर ठेवा. ‘फाइंड द मीन’: मीनच्या आधी ‘द’ आहे आणि पुढे दुसरं नाम नाही, म्हणजे इथे मीन स्वतःच नाम, म्हणून मध्यवाला. ‘व्हॉट डू यू मीन’: आधी ‘यू’ हा कर्ता आहे, म्हणजे क्रियापद, म्हणून अर्थवाला. ‘अ मीन मॅन’: मागे ‘अ’, पुढे माणूस, म्हणजे विशेषण, म्हणून हलक्या मनाचा. या तीन वाक्यांखाली तिला रेघा मारू द्या, मग तेच आकडे घेऊन सरासरी काढायला सांगा.